गोळी सुरू करणारे पुष्कळ

शंकेखोर : डॉक्टरसाहेब, मेडिकल दुकानात आम्हाला एक वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. शेड्यूल एच-वनचं. १ मार्च २०१४ पासून ते लागू झालं. पाकिटावर लाल चौकट असलेली जी औषधं आहेत, त्यांत क्षयाची आहेत, भारी अँटिबायोटिक्स आहेत आणि अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही झोपेची-चिंतेची मंडळीही आहेत. चिठ्ठी कोणाची, डॉक्टरांचा पत्ता काय, पेशंट कोण, औषध कोणतं, किती दिलं, हे सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. मी लिहितो. पानं चाळली की अल्प्राझोलामपुढे तीच तीच नावं दिसतात, महिन्याच्या त्याच त्याच तारखांना. क्षयाच्या औषधापुढचं नाव काही महिन्यांनी रजिस्टरातून जातं. या गोळीपुढचं जात नाही. रजिस्टरात ‘कधीपर्यंत’ असा रकाना नाही, आणि तुमच्या चिठ्ठ्यांवरही तो नसतो. रक्तदाबाची गोळी जन्मभर घ्यायची हे घेणाऱ्याला पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं. ही गोळी ‘थोडे दिवस घ्या’ म्हणून येते आणि थोड्या दिवसांचा हिशेब कोणी मागत नाही. जिचा शेवट लिहिण्याची कोणावर सक्ती नाही, ती गोळी इतक्या सहज सुरू होऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

कैवारी : एवढंच असतं तर वाद नव्हता. पण तुमचं म्हणणं तिथे थांबत नाही. ही गोळी मागणाऱ्याकडे तुम्ही ज्या नजरेने बघता, त्या नजरेत औषध मुळातच नासकं असल्याचा निकाल असतो. म्हणून आधी वॉर्डात चला. फिट आली, पाच मिनिटं उलटली तरी थांबत नाही. शिरेतून लोराझेपाम देतात. शीर सापडत नसेल तर मिडाझोलामचा फवारा नाकात. धनुर्वातात पाठ मागे वाकून अंग ताठतं, तिथे डायझेपाम. रोज पिणाऱ्याने दारू अचानक सोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात कापतात, भिंतीवर नसलेले किडे दिसतात, झटका येतो. तिथे क्लोरडायझेपॉक्साइड, यकृत खराब असेल तर लोराझेपाम, जोडीला थायमिन. कीटकनाशक पोटात गेलेला माणूस आणतात, अ‍ॅट्रोपिन चालू असतं, आणि झटके सुरू झाले की हात डायझेपामकडेच जातो. कॅटॅटोनिया नावाची एक अवस्था आहे. माणूस बोलत नाही, खात नाही, हात जसा ठेवला तसा ठेवून बसतो. घरच्यांचा तोवर देवऋषी करून झालेला असतो. लोराझेपामचं एक इंजेक्शन दिल्यावर त्यातले कितीतरी जण थोड्या वेळात बोलू लागतात, पाणी मागतात. वैद्यकात इतक्या लवकर आणि इतकं डोळ्यांदेखत काम करणारी औषधं फार नाहीत.

आणि हे कुळ आलं कशाच्या जागी? बार्बिट्युरेट्सच्या. झोपेचा डोस आणि जीव घेणारा डोस यांत तिथे फारसं अंतर नव्हतं. मेरिलिन मन्रो १९६२ मध्ये गेली ती त्यांच्यामुळेच. लिओ स्टर्नबाख हा रसायनतज्ज्ञ रॉश कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत होता. तिथलं आवराआवरीत हाती लागलेलं, बाजूला पडलेलं एक संयुग १९५७ मध्ये तपासणीला गेलं आणि १९६० मध्ये ते लिब्रियम नावाने बाजारात आलं. १९६३ मध्ये व्हॅलियम, म्हणजे आपलं डायझेपाम. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. ही औषधं स्वतः ब्रेक दाबत नाहीत. मेंदूने दाबलेल्या ब्रेकला जोर देतात. बार्बिट्युरेट मोठ्या मात्रेत मेंदूला न विचारता ब्रेक दाबून धरतं. म्हणून ते एकटं माणूस मारू शकायचं, आणि ही एकटी घेतली तर सहसा मारत नाहीत. नुसती टीका करताना हे हिशेबात धरावं लागतं.

शंकेखोर : धरलं. पण तुम्ही चलाखी केलीत. मी विचारलं अल्प्राझोलामबद्दल आणि तुम्ही साक्षीला आणलंत लोराझेपाम, मिडाझोलाम, डायझेपाम. ही भावंडं अपघात विभागात नाव कमावतात आणि त्या नावावर रात्रीची गोळी खपते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती तिन्ही आहेत, अल्प्राझोलाम नाही. ते अपजॉन कंपनीचं; अमेरिकेत १९८१ मध्ये त्याला चिंतेसाठी परवानगी मिळाली आणि १९९० मध्ये पॅनिकसाठी.

‘आधीच्यापेक्षा सुरक्षित’ हे वाक्य तर मला पाठ झालंय. बार्बिट्युरेट आली तेव्हा ती ब्रोमाइडपेक्षा बरी होती. व्हॅलियम बार्बिट्युरेटपेक्षा बरं. मग अल्प्राझोलाम व्हॅलियमपेक्षा बरं, कारण त्याने दिवसभर सुस्ती येत नाही. आता झोल्पिडेम त्याहून बरं. दर वेळी वाक्य खरं असतं आणि दर वेळी त्याच्या भरवशावर आधीपेक्षा जास्त लोकांना, जास्त दिवस औषध दिलं जातं. १९६८ ते १९८२ या काळात डायझेपाम हे अमेरिकेत सर्वाधिक लिहिलं जाणारं औषध होतं; १९७८ या एका वर्षात दोन अब्जांहून जास्त गोळ्या खपल्या. पुढच्याच वर्षी तिथल्या सिनेटमध्ये एडवर्ड केनेडींपुढे त्याच्या सवयीबद्दल सुनावणी झाली. आपल्याकडे रॅनबॅक्सीने साठीच्या दशकाच्या अखेरीस काम्पोज आणली. माझ्या वडिलांच्या पिढीत लग्नघरात, मयताच्या घरात, दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री ‘तिला अर्धी काम्पोज द्या’ हे वाक्य सहज निघायचं. तिथे डॉक्टर नसायचाच, शेजारची काकू असायची.

आणि एक बारीक गोष्ट. अल्प्राझोलामचा आकडा फसवतो. लोक म्हणतात, ‘पॉइंट टू फाइव्ह तर आहे, लहान मुलाचा डोस.’ अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलाम साधारण पाच ते दहा मिलिग्रॅम डायझेपामच्या बरोबरीचं असतं. काम्पोजची दहाची गोळी रोज घ्या म्हटलं तर माणूस दचकेल. अर्ध्या मिलिग्रॅमला कोणी दचकत नाही.

कैवारी : आकड्याचं मान्य. आता मी दुकानाच्या काउंटरवरून नाही, माझ्या खुर्चीतून सांगतो. पस्तिशीचा माणूस येतो. एसटीत बसला असताना अचानक छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, घशाला कोरड, आता आपण मरणार अशी खात्री. जिल्ह्याच्या ठिकाणी नेतात. ईसीजी, टू-डी इको, रक्ताच्या तपासण्या, सगळं नॉर्मल. ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं सांगून घरी पाठवतात. आठवड्याने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झाल्यावर तो एसटीत बसणं सोडतो, नंतर एकट्याने शेतात जाणं सोडतो. हा पॅनिकचा आजार. त्यावर पहिली निवड एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन. पण त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या दिवसांत काहींची तगमग उलट वाढते. हे मी त्याला सांगतो. तो मान हलवतो. त्याच्या डोळ्यांत मला दिसतं की हा तिसऱ्या दिवशी औषध बंद करणार आणि कोणत्यातरी बाबाकडे जाणार. त्याला पहिले पंधरा दिवस बरोबर अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम दिलं की तो टिकतो. रात्री झोपतो, जेवतो, पुन्हा माझ्याकडे येतो. हा फायदा कागदावरच्या चाचणीत पुरता दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, समुपदेशन द्या. द्यावं. सगळ्या मार्गदर्शिका तेच सांगतात. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक विकारांवर उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. देशात लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरा पडत नाही, आणि वर्तनोपचार शिकलेला मानसशास्त्रज्ञ त्याहून दुर्मीळ. शहरात त्याच्या एका बैठकीचे पैसे हजाराच्या घरात, अशा दहा-बारा बैठका लागणार, आणि माझा पेशंट एसटीतच बसू शकत नाही. गोळी काही रुपयांची. मी त्याला काय सांगू, की उत्तम उपचार पुण्यात आहे, तोवर घाबरत राहा?

शंकेखोर : नका सांगू. पण ते पंधरा दिवस संपतात कधी, ते सांगा. ब्रिटनमध्ये औषधांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या समितीने १९८८ मध्येच सांगितलं होतं की ही औषधं दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत. तुमच्या पंधरा दिवसांना ते अनुमती देतं. पण बाजाराने काय केलंय बघा. एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत. माझ्या कपाटात त्या जोडगोळीचे किती ब्रँड आहेत ते मोजत बसलो तर तास जाईल. त्यातलं एक औषध गुण आल्यावरही काही महिने चालू ठेवायचं आणि दुसरं दोन-चार आठवड्यांत थांबवायचं, असं तुमचीच पुस्तकं म्हणतात. गोळी एक. मग एक थांबवून दुसरं कसं चालू ठेवणार? ज्याने ती जोडगोळी बनवली त्याने शेवटाची वाट बनवतानाच बुजवली. आणि तुमच्यातले पुष्कळ डॉक्टर तीच लिहितात, कारण एक गोळी म्हटली की पेशंट विसरत नाही.

दुसरं, गुणाचं. तुमच्या पॅनिकवाल्यांवर अपजॉनने अनेक देशांत मिळून मोठी चाचणी केली, १९८८ मध्ये ती छापून आली. चौथ्या आठवड्यात अल्प्राझोलाम खोट्या गोळीच्या स्पष्ट पुढे. आठव्या आठवड्यापर्यंत टिकून राहिलेल्यांत अंतर बरंच कमी झालेलं. आणि गोळी कमी करायला घेतली तेव्हा काहींचे झटके आधीपेक्षा जास्त झाले. लंडनच्या आयझॅक मार्क्स यांनी त्यावर कडक टीका केली आणि पुढे लंडन-टोरंटोची चाचणी केली, १९९३ ची. ज्या ठिकाणी भीती वाटते तिथे हळूहळू जायला शिकवलं त्यांचा फायदा टिकला. अल्प्राझोलामने मिळालेला फायदा गोळी सुटली तसा ओसरला. एसटीत बसायची भीती एसटीत बसूनच जाते, डॉक्टर. गोळी घेऊन बसलेला माणूस शिकतो ते एवढंच, की खिशात गोळी असली तर बसता येतं. मग ती खिशातून कधी निघणार?

आता तुमचा ब्रेक घ्या. रोज जोर दिला की मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला करत जातो. गोळी काढली की गाडी उतारावर. झोप उडते, धडधड वाढते, हात कापतात, आवाज सहन होत नाही, क्वचित फिट येते. अल्प्राझोलाम सरासरी अकरा-बारा तासांत निम्मं उतरतं. डायझेपाम आणि त्यातून शरीरात तयार होणारं द्रव्य दिवसचे दिवस रेंगाळतं. म्हणून अल्प्राझोलाम सुटताना जास्त झोंबतं. रात्री घेतलेल्या गोळीची उणीव दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच भासू लागते. माणूस काय म्हणतो? ‘बघा, संध्याकाळ झाली की माझी भीती परत येते, मला गोळी लागतेच.’ तुमच्याकडे येतो. तुम्ही म्हणता, आजार अजून आहे, चालू ठेवा. आजार आहे की गोळीच आहे, हे ओळखायचं कोणी?

(इथे दोघांनाही थांबवून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ज्याच्या संध्याकाळबद्दल हे चाललं आहे, तो माणूस या संभाषणात नाही. अशा संभाषणांत तो बहुधा नसतो. त्याला एकजण पेशंट समजतो आणि दुसरा गिऱ्हाईक, आणि दोघेही त्याचं भलं चिंततात.)

कैवारी : ओळखायची रीत आहे. गोळी बंद केल्यावर आलेला त्रास पहिल्या काही दिवसांत उसळतो, त्यात आवाजाचा-उजेडाचा त्रास, अंग थरथरणं अशी आधी नसलेली लक्षणं असतात आणि बहुतेकांत तो आठवड्यांनी ओसरतो. मूळ आजार परततो तो सावकाश आणि जुन्याच रूपात. पण खरं सांगायचं तर सहा मिनिटांच्या तपासणीत हे वेगळं काढणं अवघड आहे आणि पुष्कळदा आम्ही सोपं तेच करतो. जोडगोळीबद्दलही मी वकिली करणार नाही. मी ती लिहीत नाही.

पण तुम्ही दोन माणसं एकत्र करताय, त्याला माझा विरोध आहे. शरीराला औषधाची गरज लागणं वेगळं आणि औषधामागे धावणं वेगळं. अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२० मध्ये या सगळ्या औषधांवर ठळक चौकटीतला इशारा वाढवला. त्यात म्हटलंय की सांगितल्याप्रमाणे नियमित घेतलं तरी काही दिवस ते काही आठवड्यांत शरीराला त्याची गरज लागू शकते. म्हणजे ज्याने एकही गोळी जास्त घेतली नाही, तोही सापडतो. त्याचा काय गुन्हा? मालेगाव-धुळ्याकडे पोरं जिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात आणि पोलिसांच्या छाप्यांत जिची पाकिटं सापडतात, तीही अल्प्राझोलामच. बातमी येते, फोटो येतो, आणि दुसऱ्या दिवशी चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई मला विचारते, ‘डॉक्टर, मी घेते ती तीच का?’ तिला लाज वाटते. लाजेपायी ती मला खरा आकडा सांगत नाही. तुमच्या कडकपणाने लाज वाढते, गोळ्या कमी होत नाहीत.

आणि कडकपणा एकाएकी आला तर काय होतं, तेही पाहिलंय आपण. तेलंगणात ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट मिसळून विकतात. पिणाऱ्याला वाटतं आपण ताडी पितोय. २०१५ मध्ये त्या भेसळीवर कारवाई झाली, पुरवठा तुटला, आणि निजामाबाद परिसरातल्या दवाखान्यांत माणसं येऊ लागली. कोणाला फिट, कोणाला भास, कोणी बडबडतंय. भेसळ थांबवायला नको होती असं मी म्हणत नाही. पण हजारो मेंदूंना सवय लावून मग एका सकाळी नळ बंद केला, तर त्या माणसांचं पुढे काय होणार याचा विचार नळ बंद करणाऱ्याने करायचा असतो. मेडिकलवाल्याने ‘नवी चिठ्ठी आणा’ म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवलेला म्हातारा हाही त्याच जातीचा प्रकार, लहान प्रमाणात.

शंकेखोर : म्हातारा म्हणालात म्हणून म्हाताऱ्यांबद्दलच बोलू. तुमच्या शाळेतल्या बाईंसारखीच माझी एक गिऱ्हाईक आहे, शहात्तर वर्षांची. तिची चिठ्ठी घडीवर फाटायला लागली तेव्हा नातवाने लॅमिनेट करून आणली. लिहिणारे डॉक्टर केव्हाच व्यवसाय सोडून मुलाकडे गेले. ‘अल्प्राझोलाम ०.२५, रात्री’ एवढंच तिच्यावर आहे. नवरा गेला तेव्हा सुरू झालेली. दुःख केव्हाच निवलं, गोळी राहिली. आता तिच्या रात्री बघा. दोनदा लघवीला उठते. संडास अंगणापलीकडे. डोळ्यांवर गुंगी, पायांत ताकद नाही, आणि म्हातारपणी यकृत-मूत्रपिंड मंदावलेली, म्हणजे जी गोळी तरुणाच्या अंगातून अकरा-बारा तासांत निम्मी उतरते ती हिच्या अंगात जास्त वेळ राहते. पडली तर खुब्याचं हाड. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची बीअर्स यादी आहे, म्हाताऱ्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची. हे अख्खं कुळ तिच्यात आहे. विसरभोळेपणा वाढला तर घरचे म्हणतात वय झालं. वय असेलही. पण गोळी काढून बघितल्याशिवाय वय किती आणि गोळी किती, हे कसं कळणार?

आणि दुसऱ्या औषधांची कोणी चौकशी करत नाही. गेल्या काही वर्षांत गजकर्ण किती वाढलंय तुम्हाला माहीत आहे. घराघरात इट्राकोनाझोल चालू असतं, तेही आठवड्यांचे आठवडे. यकृतातलं जे विकर अल्प्राझोलाम मोडतं तेच विकर इट्राकोनाझोल अडवून धरतं. या दोन गोळ्या एकत्र द्यायच्या नाहीत, असं अल्प्राझोलामच्या माहितीपत्रकात साफ लिहिलेलं असतं. त्वचेचा डॉक्टर विचारत नाही ‘झोपेची गोळी घेता का’, पेशंट सांगत नाही कारण त्याच्या लेखी ते औषधच नाही. दोन चिठ्ठ्या दोन दिवशी दोन दुकानांत जातात. कोणालाच दिसत नाही. मोठ्याने घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा जाडा माणूस तक्रार करतो की झोप नीट होत नाही. त्याला हीच गोळी मिळते आणि श्वास आणखी अडकतो. गुडघेदुखीला ट्रॅमाडॉल चालू असतं, संध्याकाळी दोन पेग असतात. तुम्ही म्हणालात ना, एकटी घेतली तर सहसा मारत नाही? आपल्याकडे ती एकटी असते कधी?

कैवारी : हा तुमचा सगळ्यात जोरकस मुद्दा आणि मी त्याला उत्तर देणार नाही. आता मला सांगा, त्या आजींचं काय करायचं? तुमच्या म्हणण्याप्रमाणे काढायची गोळी. मी म्हणतो, थांबा. रोज पाव मिलिग्रॅम, इतक्या वर्षांत मात्रा वाढलेली नाही, दुसरं जड औषध नाही असं धरू. तिला झोप लागते. ती सकाळी उठून तुळशीला पाणी घालते, नातवाचा डबा करते. शहात्तराव्या वर्षी तिला महिनोन्‌महिने अर्धवट झोपेच्या रात्री द्यायच्या, त्या कशाच्या बदल्यात? न पडण्याच्या शक्यतेच्या. शक्यता माझ्या वहीत असते, जागी रात्र तिच्या वाट्याला. मला तो व्यवहार एकतर्फी वाटतो. पडण्याची भीती असेल तर अंगणात दिवा लावा, संडासाला कठडा बसवा, रात्री उशाशी भांडं ठेवा. त्याने एका औषधाचाच नव्हे, मोतीबिंदूचा आणि मधुमेहाचाही धोका कमी होईल.

शंकेखोर : दिवा लावाच. पण तुम्ही असं धरून चालता की गोळी काढणं म्हणजे छळ. तो छळ होतो घाईने. न्यूकॅसलच्या हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ पासून बारा वर्षं फक्त हेच काम करणारा दवाखाना चालवला. त्यांची रीत अशी की अल्प्राझोलामसारखी लवकर उतरणारी गोळी टप्प्याटप्प्याने डायझेपामवर न्यायची आणि मग डायझेपाम इतकं हळू कमी करायचं की मेंदूला ओळखू येऊ नये. आता नव्या मार्गदर्शिकाही दर दोन ते चार आठवड्यांना पाच-दहा टक्के, एवढाच वेग सांगतात. वेग पेशंटने ठरवायचा. एका पायरीवर त्रास झाला तर तिथेच थांबायचं, मागे जायची घाई करायची नाही. जमतं. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना जमतं, आणि त्यातले काही नंतर सांगतात की डोकं इतकं स्वच्छ असू शकतं हे आपण विसरलो होतो. आजींना तसं वाटणार नाही हे तुम्ही त्यांना न विचारता ठरवलंत. त्या रात्री सुरू करायची की नाही हेही त्यांना न विचारताच ठरलं होतं.

कैवारी : ती विधवा झाल्याच्या आठवड्यात? तेव्हा कोण विचारतं?

शंकेखोर : तेव्हा नाही. पण पंधरा दिवसांनी विचारता आलं असतं. दोन महिन्यांनी आलं असतं. दर महिन्याला माझ्या काउंटरवर ती पंधरा मिनिटं उभी असते, तेव्हाही येतं. पण मला मात्रा बदलायचा अधिकार नाही. तुम्हाला अधिकार आहे, ती तुमच्याकडे येत नाही. चिठ्ठी आहे, मग डॉक्टर कशाला?

कैवारी : आणि आली तरी मी काय करू ते तुम्ही सांगत नाही. पाच-दहा टक्के म्हणजे पाव मिलिग्रॅमच्या गोळीतला किती तुकडा? तुमच्याकडे डायझेपामची दोन मिलिग्रॅमची गोळी असते का नेहमी?

शंकेखोर : मागवावी लागते. पाचची असते.

कैवारी : म्हणजे पाचचे चार तुकडे करायचे, शहात्तर वर्षांच्या बोटांनी, कमी दिसणाऱ्या डोळ्यांनी. किंवा नातवाने करायचे, तो बारावीत. दर पंधरा दिवसांनी तिने मला भेटायचं, मी विचारायचं झोप कशी, चिडचिड कशी, अंग कापतं का. असं सहा महिने, कदाचित वर्ष. मी करीन. पण असे तुमच्या रजिस्टरात किती आहेत? त्यातल्या निम्म्यांनी जरी म्हटलं की सोडवा, तर माझ्या दवाखान्यात दुसरा पेशंट बसायला जागा नाही. गोळी सुरू करायला मला दोन मिनिटं लागतात आणि त्याचे पैसे मिळतात. सोडवायला वर्ष लागतं आणि त्याला कोणता दर लावायचा हे मला आजवर कळलेलं नाही. सरकारची १४४१६ ही टेलिमानसची फोनसेवा आहे, २०२२ पासून. पॅनिकवाल्या पोराला मी तो नंबर देतो, त्याचा उपयोग होतो. आजींना फोनवर गोळीचे तुकडे कसे करायचे ते कोण सांगेल?

शंकेखोर : म्हणूनच मी म्हणतो, सुरू करणं अवघड करा. सोडवणं तुम्हाला परवडत नाही, तर निदान नवी नावं रजिस्टरात येऊ देऊ नका. चिठ्ठीवर लिहा, ‘चौदा दिवस, त्यानंतर देऊ नये.’ मी देणार नाही, आणि त्या वेळी माझ्या नकाराला तुमच्या अक्षराचा आधार असेल.

कैवारी : लिहीन. उद्यापासून लिहीन. पण पंधराव्या दिवशी तो एसटीला घाबरणारा माणूस तुमच्या काउंटरवर येईल. एसिटालोप्रामचा गुण अजून पुरता आलेला नसेल, कारण औषधं माझी तारीख पाळत नाहीत. तुम्ही माझं अक्षर दाखवाल आणि तो कोपऱ्यावरच्या दुसऱ्या मेडिकलवर जाईल.

शंकेखोर : त्याला माझ्याकडून तुमच्याकडे पाठवीन. त्याच दिवशी बघाल?

कैवारी : बघीन. फक्त सोमवारी पाठवू नका. बाजाराचा दिवस असतो, बाहेर साठ-सत्तर माणसं बसलेली असतात. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलणार नाही, चिठ्ठीच देईन.

शंकेखोर : तो सोमवारीच येणार, डॉक्टर. इतर दिवशी त्याच्या गावातून आणणारं कोणी नसतं, आणि एकटा एसटीत तो बसत नाही.